हिरवी पट्टी

"नाना येऊन गेले तुमच्या खिडकीवर, आणि एक शब्द बोलला नाहीत तुम्ही त्यांच्याशी. भांडलात की काय बापलेक?" शेजारच्या खिडकीतल्या रोखपालाने डबा उघडता उघडता विचारलं, अगदी सहज, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. बँकेत त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायची सोय नव्हती. तिला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. नाना म्हणजे तिचे वडील, आणि ते बँकेत येत नसत. येऊ नका म्हणून तिनेच सांगितलं होतं त्यांना. मग तिने रेडिओच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "घाईत होते," ती म्हणाली. रेडिओने मान डोलावली. "मीही हाक मारणार होतो, तर माझ्याकडे बघून हसले आणि तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, असेल काहीतरी तुमचं घरातलं. चष्मा नवीन केला वाटतं त्यांनी? शोभतो हो." तिने हो म्हटलं. नानांनी चष्मा नवीन केला होता हे तिला माहीत नव्हतं. हातातला घास तिने खाल्ला, कारण तो हातात होता, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

खिडकीवर परत येऊन बसली तरी तिला ते खरं वाटेना. सकाळपासून आलेली माणसं ती एकेक करून आठवायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की तिला माणसं आठवतच नाहीत. हात आठवत होते. मेंदी उतरत आलेला एक हात, एकाच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख, कुणाचीतरी घट्ट बसलेली अंगठी. त्यातला कुठला तरी हात नानांचा होता. ज्या हाताला धरून ती शाळेत गेली, तापात ज्याच्यावर कपाळ टेकून पडून राहिली, तो हात काचेखालच्या फटीतून आत आला, स्लिप सरकवून गेला, पैसे घेऊन गेला, आणि तिला पत्ता नाही. तिने संगणकावर सकाळचे व्यवहार काढून पाहिले. नानांचं नाव होतं. सही तिनेच ताडून पाहिली होती. पडद्यावरची सही आणि कागदावरची सही, दोन्ही नानांच्या, दोन्हीत शेवटी तीच मागे वळलेली लांब शेपटी, लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती जी शेपटी बोटाने गिरवायची ती. जुळते, म्हणून तिने पुढे पाठवली होती. नावासमोर हिरवी खूण होती. म्हणजे सगळं वेळेत झालं होतं.

हिरवी खूण ही काय चीज आहे हे बँकेबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. टोकनचा नंबर पुकारला की पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी उमटायची, हिरवी. माणूस खिडकीवर रेंगाळला की ती पिवळी व्हायची, आणखी रेंगाळला की लाल. लाल झालेली प्रत्येक खेप संध्याकाळी वर मॅनेजरच्या खोलीत जायची आणि महिन्याअखेर प्रत्येकाच्या वेगाचा आलेख होऊन भिंतीवर लागायचा, सगळ्यांना दिसेल असा. सुरुवातीला तिचीही पट्टी लाल व्हायची. मग तिला एक गोष्ट उमगली, कुणी शिकवली नव्हती, तिची तिलाच. वेळ पैसे मोजण्यात जात नाही, सही ताडण्यातही जात नाही. वेळ जातो तो मान वर करण्यात. आपण मान वर केली की समोरच्याशी नजर भिडते, आणि नजर भिडली की माणूस बोलतो. बरी आहेस का, म्हणतो. मुलीचं लग्न ठरलं, म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, म्हणतो. मान वरच केली नाही तर तो स्लिप सरकवतो, पैसे घेतो आणि निमूट जातो. बिचाऱ्याला वाईट वाटत असेलही, पण ते पट्टीला कळत नाही. त्या दिवसापासून तिचा आलेख जो चढला तो उतरला नाही. मॅनेजरने तिला सगळ्यांसमोर उभं करून त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नव्याने आलेल्या दोघींना तिने हीच युक्ती शिकवली, आणि खोटं कशाला बोला, तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

नाना याच बँकेत होते, याच शाखेत. तेव्हा इथे काच नव्हती, लोखंडी जाळी होती आणि जाळीला माणसांच्या कोपरांनी चकाकी आलेली होती. शाळा सुटली की ती नानांच्या मागे बाकावर येऊन बसायची, आणि समोर नानांची रांग असायची, मारुतीच्या शेपटासारखी. नाना संथ होते. ते आता बाप आहेत म्हणून कुणी काही म्हणो, संथच होते. स्लिप हातात घेऊन आधी माणसाकडे बघायचे, मग त्याच्या वडिलांची चौकशी, मग त्याच्या जागेच्या भानगडीबद्दल सल्ला, आणि हे सगळं झाल्यावर म्हणायचे, "हां, तर किती काढायचेत?" मध्येच चहा यायचा. चहा आला की नाना पेन खाली ठेवायचे आणि रांग बघत राहायची. एकदा एका बाईने भर बँकेत त्यांना सुनावलं होतं, माझं मूल घरी एकटं आहे हो, तुमच्या गप्पा तुमच्या घरी मारा. लहानग्या ठमीला त्या बाईचा भयंकर राग आला होता. ठमी म्हणजे ती, नाना तिला आजही त्याच नावाने हाक मारतात. पण नंतर, तिची स्वतःची मुलगी झाल्यावर, तिला कधी कधी त्या बाईची आठवण यायची आणि वाटायचं, बरोबरच होतं तिचं. म्हणून तर जुने दिवस किती छान होते असं कुणी म्हणायला लागलं की ती गप्प बसायची. त्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारा म्हणावं.

मग कधीतरी पेपरात आलं, बँकांवरची बंधनं उठली. नानांनी ती बातमी सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवली होती. आता व्याज ज्याने त्याने ठरवायचं, शाखा हवी तिथे काढायची, बाहेरच्या बँकांनाही दार मोकळं. नाना खूश होते. "बरं झालं," म्हणाले, "जरा वारं खेळेल. आमच्या इथे फार कोंदट झालं होतं." वारं खेळलं खरंच. वर्ष उलटायच्या आत समोरच्या फुटपाथवर एक काचेची बँक उभी राहिली, आत गारवा, दारात हसऱ्या मुली, आणि रांग नाहीच. ज्यांच्याकडे पैसा होता ते रस्ता ओलांडून गेले. नानांकडे पेन्शनवाले राहिले, आणि ज्यांना हसऱ्या मुलींची भीती वाटायची असे काही. मग नानांच्या बँकेचाही मोठा हिस्सा विकला गेला, वरची माणसं बदलली, आणि कार्यक्षमता हा शब्द घरात आला. त्याआधी तो शब्द घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. नाना तो जरा थांबून म्हणायचे, नवीन जावयाचं नाव घ्यावं तसा. प्रत्येकाची कार्यक्षमता मोजणार आहेत, म्हणाले. आम्हाला शिकवायला एक मुलगा येतो, पोरगेलाच आहे, पण हुशार आहे हो. त्यांनी त्या मुलाची कधी निंदा केली नाही. तेवढं केलं असतं तरी बरं झालं असतं, असं तिला आता वाटतं.

नाना घरी सराव करायचे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. जेवणाचं टेबल पुसून नाना एका बाजूला बसायचे, आई घड्याळ धरायची, आणि ती, तेव्हा कॉलेजात होती, रद्दी कागदांच्या स्लिपा घेऊन गिऱ्हाईक व्हायची. आई सुरू म्हणाली की ती स्लिप पुढे करायची. नाना स्लिप घ्यायचे, चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "काय गं, कॉलेज कसं चाललंय?" "नाना, असं नाही विचारायचं." "हो हो, चुकलं. पुन्हा." पुन्हा सुरू. ती स्लिप पुढे करायची आणि नाना ओठ दाबून धरायचे, लिहायला लागायचे, आणि मध्येच मान वर यायची, पाण्यात दाबलेला चेंडू यावा तशी. "आज डबा नेला नाहीस ना तू?" आई हसून हसून बेजार व्हायची. तीही हसायची आधी आधी. मग एकदा, परीक्षा होती की काय, ती चिडली. "तुम्हाला जमायचं नाही हे," म्हणाली आणि स्लिपा टेबलावर टाकून उठून गेली. नानांनी त्या गोळा केल्या, कडा जुळवल्या. महिन्याभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीवर सही केली. "स्वेच्छा माझी आणि इच्छा त्यांची," एवढाच विनोद त्यांनी त्यावर केला, तोही आल्यागेल्या प्रत्येकाला तोच. दोन वर्षांनी तिला त्याच बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि पहिल्या दिवशी तिला पोचवायला आले ते समोरच्या फुटपाथपर्यंत. रस्ता त्यांनी ओलांडला नाही.

पुढे आई गेली आणि नाना एकटे पडले, तेव्हा ते अधूनमधून बँकेत यायला लागले. पैसे काढायचं निमित्त. तिच्या रांगेत उभे राहायचे, खिडकीवर आले की चेहरा उजळायचा आणि सुरू व्हायचे, नळाला पाणी आलं नाही, तुझ्या मावशीचा फोन आला होता, पोरीचा खोकला थांबला का. पट्टी पिवळी व्हायची, लाल व्हायची. दोनदा झालं, तीनदा झालं, आणि एक दिवस तिने त्यांना फोनवर सांगितलं. मी कार्ड करून दिलंय ना तुम्हाला, मशीनमधून काढत जा. बँकेत येऊ नका नाना, माझी पट्टी लाल होते. मग नाना म्हणाले, "अगं हो, माझ्या लक्षातच आलं नाही. तुझं खरं आहे." ते इतक्या चटकन पटलं त्यांना की तिला हायसं वाटलं होतं.

मग आज का आले? मशीन बिघडलं होतं का? बरं नव्हतं का त्यांना? काही सांगायचं होतं, आणि आपण मान वर केली नाही म्हणून तसेच गेले? पुढचा नंबर पुकारला गेला होता आणि पट्टी उमटली होती. तिने ठरवून मान वर केली. समोर एक पोक्त बाई होत्या, त्या दचकल्या. "काही चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं. नाही नाही, ती म्हणाली, आणि पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना. कसं बोलतात माणसांशी? बऱ्या आहात ना, असं विचारायचं का? बाई पर्स छातीशी धरून काळजीने बघत होत्या, पट्टी पिवळी पडायला लागली होती, आणि तिची मान आपोआप खाली गेली. पुढच्या माणसाच्या वेळी तिने पुन्हा पाहिलं. त्याच्याही पुढच्या वेळी. कुणी हसलं नाही. तिची खिडकी सगळ्यांना माहीत होती, इथे झटपट काम होतं म्हणून माणसं इथे यायची, आणि आज या बाईंना झालंय काय असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेजारी रेडिओचं चाललंच होतं, कुणाच्यातरी जावयाची बदली, कुणाच्यातरी मूळव्याधीवर औषध, आणि त्याचा पडदा लालेलाल. तिला त्याचा हेवा वाटला. मग हेवा वाटल्याचीच भीती वाटली, कारण काल सकाळी मॅनेजरने सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात दोन खिडक्या बंद होणार. माणसं कुठली जाणार, ते आलेख ठरवेल. मॅनेजर भला माणूस होता, सांगताना त्याने पाण्याचा ग्लास दोनदा उचलून खाली ठेवला होता. तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी गेली होती आणि मुलगी आता कुठे वरच्या शाळेत गेली होती. तिने मान खाली घातली आणि उरलेली दुपार हात बघत काढली.

संध्याकाळी ती घरी न जाता नानांकडे निघाली. बसमध्ये उभी राहून ती मनाशी जुळवत होती. मी ओळखलं होतं तुम्हाला, पण पट्टी होती ना, म्हणून बोलले नाही. असं म्हणता येईल. नाना लगेच हो म्हणतील, त्यांना हो म्हणायची सवयच आहे. किंवा काही म्हणायचंच नाही, चष्मा छान आहे म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण मनातून तिला हवं होतं ते वेगळंच. नाना रागावावेत असं तिला वाटत होतं. ठमे, बापाला ओळखलं नाहीस, लाज वाटली नाही तुला, असं त्यांनी ओरडून म्हणावं. एकदा ओरडले की ती रडली असती आणि मोकळी झाली असती. एक माणूस जागा करून देत होता, बसा म्हणत होता, तरी ती स्टॉप येईपर्यंत उभीच राहिली.

दार उघडलं ते नानांनी हसतच. "ये ये, मला वाटलंच तू येशील." नवीन चष्म्यामुळे त्यांचे डोळे मोठे दिसत होते. ते तब्येतीने बरे होते, हे बघून ती आधी खुर्चीत बसली आणि मग पर्स खाली ठेवली. ती काही बोलायच्या आत नानांचंच सुरू झालं. "दोन खिडक्या बंद होणार म्हणे तुमच्याकडे? जुन्या युनियनवाल्याचा फोन आला होता काल. तू काही बोलली नाहीस मला." "तुम्हाला उगाच काळजी," ती म्हणाली. "तीच तर लागली ना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, जाऊन बघूनच येऊ, आपली ठमी काम कशी करते ते. आधी बाकावर बसलो बराच वेळ, मग टोकन घेतलं. तुला एक गंमत सांगू? मी मुद्दाम स्लिपवर तारीख घातली नव्हती. म्हटलं बघू, अडतेय का. तर तू बोट ठेवलंस रिकाम्या जागेवर आणि स्लिप परत सरकवलीस. शब्द नाही, काही नाही. मी तारीख घातली, तू पैसे दिलेस, पुढचा नंबर. वा!" नाना खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, नाटक बघून आलेला माणूस सांगतो तसे हातवारे करत होते. "आणि काय सोंग केलंस गं. बाप समोर उभा आणि पापणी हलली नाही तुझी. मला हसू आवरेना, तो रेडिओ बोलायला लागला तर त्यालाही गप्प केलं. म्हटलं, पोरीचा खेळ मोडायला नको."

तिने खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"तो रेडिओ मात्र जाईल," नाना हळू आवाजात म्हणाले. "त्याला सांगून ठेव, दुसरं काही बघ म्हणावं. चांगला माणूस आहे. मला बघून केवढा खूश झाला. तसली माणसं नाही टिकत." मग ते पुन्हा हसले. "मला सगळ्यात भीती कशाची होती माहितेय? तुझी आई म्हणायची, पोरगी बापावर गेलीय, हिचं कसं व्हायचं. मीही तेच म्हणायचो मनात. तोंडवळा माझा, हट्ट माझा, उष्टं टाकायची खोडसुद्धा माझीच. पण नाही. आज बघितलं मी. नाही गेलीस तू माझ्यावर." हे त्यांनी असं सांगितलं, जणू डॉक्टरकडून रिपोर्ट आला होता आणि त्यात काही निघालं नव्हतं.

आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. नानांनी सगळं स्वतःच जुळवून ठेवलं होतं, तिने नुसतं हसायचं होतं, कसं फसवलं म्हणायचं होतं. तिने नानांच्या तोंडाकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्यांना इतक्या आनंदात तिने पाहिलं नव्हतं. आणि तरी तिच्याने राहवेना. तिला वाटलं, हे जर आज बोललो नाही तर यापुढे या घरात आपण जे काही बोलू ते सगळं खोटं असेल.

"नाना, मी ओळखलं नाही तुम्हाला."

"अं?"

"सोंग नव्हतं ते. मला कळलंच नाही तुम्ही आहात ते. रेडिओने सांगितलं नंतर."

नाना हसत होते, ते हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "सही बघितलीस ना पण?" त्यांनी विचारलं. "बघितली." "नाव होतं वर." "होतं." "मी दोन मिनिटं तरी उभा होतो गं समोर," ते म्हणाले, आणि मग एकदम, आपण तक्रार करतोय असं वाटून की काय, सावरून बसले. ती वाट बघत होती. आता ओरडतील, आता तरी ओरडतील. बोला ना नाना, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

नाना उठले. तिच्याजवळून जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला. "मग तर काळजीच मिटली," ते म्हणाले. "मग तर तुला कुणी काढत नाही." आणि चहा टाकतो म्हणून ते आत गेले. ती बाहेर बसून राहिली. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.